गाडीचं दावं

ज्या दुपारी हे गाडीत बसलेले सापडले, त्याच दुपारी मी ठरवलं की गाडी विकायची.

हे म्हणजे माझे यजमान. शाळा सुटून मी घरी आले तर खिडकीजवळची ह्यांची खुर्ची रिकामी. सासूबाई आतल्या खोलीत गाढ झोपलेल्या. ओट्यावर वॉकर आडवा पडलेला आणि अंगणातल्या गाडीवरची जुनी चादर अर्धवट ओढून खाली टाकलेली. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा मूठ वळून मांडीवर पडलेला. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन, पत्र्याला हात लावला तर चटका बसावा असं, आणि काचा बंद. शर्ट पाठीला चिकटला होता. आत कसे जाऊन बसले देव जाणे, पण उतरता काही येत नव्हतं. किल्ली लावून फिरवलेली होती. गाडी वर्षभर जागची हलली नव्हती, बॅटरी पार उतरलेली, म्हणून थोडक्यात निभावलं. शेजारच्या रिक्षावाल्यांना हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून ह्यांना बाहेर काढलं. पाणी पाजता पाजता मी रागानेच विचारलं, "कुठं निघाला होतात?"

"बरं," हे म्हणाले.

ह्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. आदल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. दवाखान्यात बरेच दिवस तोंडातून काही निघालं नाही. मग एका सकाळी नर्सने उशी सारखी केली तेव्हा "बरं" म्हणाले. वॉर्डात पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले होते. मला वाटलं, एक आला, मागून बाकीचे येतील. आले नाहीत. चहा हवा का, बरं. चहा नको का, तरी बरं. एकदा चहा इतका कढत होता की ओठ भाजला, तर डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून बरं. डॉक्टरांना विचारलं, ह्यांना आपलं बोलणं कळतं का हो? ते म्हणाले, किती कळतं ते खात्रीने सांगता येत नाही. मी सगळा जन्म शाळेत घालवलेला. समोरच्याला कळलंय की तो नुसती मान हलवतोय, हे मला चेहऱ्यावरून ओळखता येतं असा माझा फार मोठा समज होता. ह्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच ओळखता येईना. मग हळूहळू मीच ठरवून टाकलं की कळत नाही. तसं धरून चाललं की दिवस जरा सोपा जायचा.

हे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांच्या हाताखालचे. पण सांगोल्यापासून मंगळवेढ्यापर्यंत लोक ह्यांनाच डॉक्टर म्हणायचे आणि हेही कुणाची चूक दुरुस्त करत बसायचे नाहीत. गाडी आमची लहानशी, पांढरी. तिच्यातून लशीचे डबे गेले, पाय मोडलेली शेळी गेली, आणि एकदा आम्ही लग्नाला निघालेलो असताना कुणीतरी वाटेत हात केला म्हणून दोन आजारी कोकरं माझ्या मांडीवर बसून गेली. माझ्या नव्या इरकली साडीचं त्यांनी काय केलं ते सांगत नाही. मी पुढे आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नव्हते. आता आठवलं की वाटतं, तो आठवडा कशाला फुकट घालवला.

ह्यांचं घराणं मेंढरं राखणारं. गाडी घेतली तेव्हा सासूबाई मुद्दाम गावाहून आल्या. लिंबू-मिरची बांधायला त्यांनी नको म्हटलं. आपल्या मेंढराची काळी लोकर आणली होती, ती मांडीवर वळून तिची वीतभर दोरी केली आणि एका किल्लीला गाठ मारून बांधली. नवं जनावर आलं की त्याला घरचं दावं लावायचं असतं, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या किल्लीला शोरूमवाल्यांचा चकचकीत बिल्ला होता, पण हे आयुष्यभर दाव्याचीच किल्ली वापरत आले. त्या दुपारी गाडीला लावलेली किल्लीही तीच होती. मी दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवल्या, जिथे ह्यांचा हात पोचणार नाही.

लेक पुण्याला असते. तिचा फोन यायचा तो संध्याकाळी, आणि संध्याकाळी माझे हात तेलाने माखलेले असायचे. ह्यांच्या उजव्या हाताची मूठ झटक्यानंतर आपोआप वळून घट्ट बसायची. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला ती उघडायची युक्ती दाखवली होती. बोटं ओढायची नाहीत. ओढली की मूठ जास्तच आवळते. आधी मनगट हळूच आत वाकवायचं, मग बोटं आपली आपण सैल पडतात. रोज मी तेवढं करायचे, तळव्याला कोमट तेल लावायचे, आणि फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या कट्ट्यावर, ह्यांच्या कानाशीच ठेवायचे. त्या दिवशी मी लेकीला गाडीतला सगळा प्रकार सांगितला. म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, आता जे आहे ते हेच. यापुढं काही सुधारत नाही. गाडी तर ते आता चालवूच शकणार नाहीत. काढून टाकू."

"बरं," हे म्हणाले.

पलीकडून लेक हसली. म्हणाली, बघ, बाबापण हो म्हणतायत. मीही हसले. ह्यांचा हात तेव्हा माझ्या हातात होता.

हल्ली गाडी विकायला बाजारात जावं लागत नाही, हे मला लेकीकडूनच कळलं. तिने पुण्यात बसून मोबाइलवर सगळं नोंदवलं. आधी जुन्या गाड्या विकून देणाऱ्या कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी तपासणार, मग फोटो टाकणार, मग मोबाइलवरच बोली लागणार, गावोगावचे व्यापारी आपापल्या दुकानात बसून किंमत चढवणार, आणि सर्वांत वर जाईल त्याची गाडी. आम्हाला काही करायचं नाही, नुसतं बघायचं. यातलं शेवटचं मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.

तपासायला आलेला पोरगेलासा माणूस भलताच कसून तपासणारा निघाला. पत्र्यावर ठिकठिकाणी यंत्र टेकवून रंग मूळचा आहे का ते बघितलं, चाकाशी उताणा पडून खाली टॉर्च मारला, एकेका ओरखड्याचा जवळून फोटो घेतला. ओट्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, अजून दात बघितलं न्हाईत. मागच्या सीटच्या खाचेतून त्याने लोकरीचा एक पुंजका ओढून काढला आणि विचारलं, काकू, घरात मांजर आहे का? मी म्हटलं, नाही, मेंढरं बसायची. त्याला ती थट्टा वाटली. त्याने टॅबवर 'सीटवर डाग' असं नोंदवलं.

मग त्याने आपल्याजवळच्या यंत्राने उतरलेल्या बॅटरीला जोर दिला आणि गाडी चालू केली. वर्षभरानंतर तो आवाज अंगणात आला. खिडकीतल्या खुर्चीवर हे एकदम ताठ झाले. डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला आणि तसाच अधांतरी राहिला. मला ते बघवेना. मी आत जाऊन पडदा ओढून घेतला आणि ऊन लागतंय असं म्हणाले. ऊन त्या बाजूला सकाळचं येतच नाही.

गाडी ह्यांच्या नावावर. त्यामुळे मालकाची संमती चित्रित करून घ्यावी लागेल, असं तो म्हणाला. ह्यांच्यासमोर मोबाइल धरून त्याने विचारलं, सर, तुम्ही ही गाडी स्वतःच्या मर्जीने विकताय ना? "बरं," हे म्हणाले. सर, जरा मोठ्याने. "बरं." मला वाटलं, आता हा म्हणेल की असं चालत नाही. निदान मला बाजूला घेऊन विचारेल तरी. मनातून मला ते हवंही होतं. कुणीतरी बाहेरच्याने नाही म्हणावं, म्हणजे मला म्हणायला नको. पण तो म्हणाला, थँक यू सर, झालं. डाव्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला आणि निघून गेला.

बोली दुसऱ्या दिवशी दुपारी होती. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. आदल्या संध्याकाळी किंमत किती यावी यावरून माझं आणि लेकीचं चांगलंच वाजलं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. प्रत्यक्षात बोली सुरू झाली तेव्हा आमच्या भांडणाला काही अर्थच नव्हता. पडद्यावर आमच्या गाडीचा फोटो, खाली एक आकडा, त्याच्याशेजारी उलटं पळणारं घड्याळ. आकडा मध्येच वर सरकायचा आणि पुन्हा थांबायचा. कोण सरकवतंय ते दिसत नव्हतं. सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"ह्यो बाजार कुटं भरलाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फोनमध्ये. घेणारा कोण आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते दाखवत नाहीत. त्यावर त्या ह्यांच्याकडे बघत राहिल्या. ह्यांना बैलबाजारात लोक हौसेने बरोबर न्यायचे. घेणाऱ्यापेक्षा विकणाराच जास्त न्यायचा. कारण ह्यांचं एक ठरलेलं होतं. किंमत विचारायच्या आधी जो जनावराच्या कपाळाला हात लावील, त्याला दोन पैसे कमी घेऊन द्यावं. जो आधी किंमत विचारील, त्याला देऊ नये. इथे कपाळही नव्हतं आणि हातही नव्हता. आकडा एका जागी येऊन अडला, तो आम्ही धरलेल्या किमतीच्या बराच खाली होता. घड्याळ संपलं. लगेच कंपनीचा फोन आला. बाई फार गोड बोलत होती. आज हो म्हणा, उद्या पुन्हा बोली लावली तर याहून खाली जाईल, मार्केट डाउन आहे. लेक म्हणाली, आई, तू ठरव. मी ह्यांना विचारलं, "देऊ का हो?"

"बरं."

कुणाला विचारावं असं दुसरं माणूस घरात नव्हतं. मी बटण दाबलं. दाबल्यावर पडद्यावर रंगीत कागदांची उधळण झाली आणि अभिनंदन असं आलं. इतकं लाचार मला दवाखान्यातसुद्धा वाटलं नव्हतं. तिथे निदान कुणी अभिनंदन करत नव्हतं.

संध्याकाळी मी कागद लावत बसले असताना सासूबाई जवळ येऊन बसल्या.

"जनावर इकावं, दावं इकू न्हाय," त्या म्हणाल्या. "घेनारा त्याचं दावं आनतो. आपलं दावं मालकानं आपल्या हातानं सोडायचं अन् घरी आनायचं. मंग दावन रिकामी ऱ्हात न्हाय."

मी दमले होते. म्हटलं, आत्या, ती गाडी आहे, म्हैस नाही. त्या उठून गेल्या. सासूबाई भांडल्या तर परवडतात, गप्प बसल्या की ताकास तूर लागू देत नाहीत. पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

सकाळी गाडी न्यायला माणूस आला. मोडकंतोडकं मराठी आणि बाकी दखनी बोलणारा, घाईत असलेला. अक्कलकोट रोडवर त्याला अजून एक गाडी उचलायची होती. कागद बघून झाले, गाडीला फेरी मारून झाली, आणि मग त्याने किल्ल्या मागितल्या. दोन्ही. मी फळीवर हात घातला तर बिल्ल्याची एकच किल्ली हाताला लागली. दाव्याची किल्ली नव्हती.

मी घर पालथं घातलं. देव्हारा, कपाटं, तांदळाचा डबा, ह्यांच्या उशीचा अभ्रा. दोन किल्ल्या नसतील तर गाडी उचलता येत नाही, सौदा मोडेल, असं तो माणूस परत परत सांगत होता आणि ऑफिसला फोन लावत होता. मी कामवालीला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले. मोठ्याने बडबडत होते, भांडी आपटत होते. हे खुर्चीवर शांत बसून माझ्याकडे बघत होते.

"हुडकू नगं," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "दावं मालकाच्या हातात हाय."

मला वाटलं, या आता देवाधर्माचं काहीतरी सांगतायत. त्यांनी हनुवटीने ह्यांच्याकडे खूण केली. ह्यांच्या उजव्या मुठीतून, अंगठ्याच्या फटीतून, काळ्या लोकरीचं टोक बाहेर आलं होतं. सकाळी मी ह्यांचं तोंड धुतलं होतं, भाकरी दुधात कुस्करून भरवली होती, आणि मला ते दिसलं नव्हतं. सासूबाईंनी आपला रिवाज पाळला होता. दावं मालकाने सोडायचं, म्हणून किल्ली फळीवरून काढून मालकाच्या हातात दिली होती. त्या हाताला सोडणं म्हणजे काय हे वर्षभर माहीत नव्हतं, याचा हिशेब त्यांच्या रिवाजात नव्हता.

मी खाली बसले आणि बोटं ओढू लागले. रोज संध्याकाळी करते ती मनगटाची युक्ती मला त्या क्षणी आठवलीच नाही. ओढलं तशी मूठ आवळत गेली. "द्या हो," मी म्हणाले. "बरं," हे म्हणाले. मी पुन्हा ओढलं. मूठ आणखी घट्ट झाली. हे बरं, बरं म्हणत होते आणि बोटांची पेरं पांढरी पडत होती. तो माणूस दारातून सगळं बघत होता. त्याला कसंतरी झालं असावं, तो अंगणात जाऊन उभा राहिला. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. ह्यांचा राग, त्या हाताचा राग, सासूबाईंचा, फोनचा. कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

"तू सोड," सासूबाई म्हणाल्या. "त्येला सोडू दे."

मी हात काढून घेतला आणि फरशीवर तशीच बसून राहिले.

मग ह्यांनी डाव्या हाताने आपलं उजवं मनगट धरलं आणि हळूच आत वाकवलं. मी रोज वाकवते तसंच. बोटं सैल पडली. त्यांनी किल्ली उचलली. मी हात पुढे केला तर त्यांनी ती माझ्यापासून दूर नेली, तोंडाशी धरली, आणि दाव्याची गाठ दातात पकडली. बाजारात माणसं अशीच गाठ सोडतात, एका हातात जनावर असलं की. गाठ इतक्या वर्षांची, घामाने आणि धुळीने दगड झालेली. सुटता सुटेना. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळून हनुवटीवर आली. मी पुसायला टॉवेल उचलला, सासूबाईंनी माझा हात धरला. शेवटी गाठ सुटली. ह्यांनी दावं मांडीवर ठेवलं आणि किल्ली दाराच्या दिशेने पुढे केली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माणूस आत आला आणि त्याने ती घेतली. चाचा, शुक्रिया, असं म्हणाला.

तो गाडीकडे गेला तेव्हा मी वेड्यासारखी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने बोनेटला हात लावला नाही. दार उघडलं, सीट मागे सरकवली, आपल्या यंत्राने गाडी चालू केली आणि फाटकातून वळवून नेली. हे खिडकीतून बघत होते. आज मी पडदा ओढला नव्हता.

आवाज ऐकू यायचा थांबला तेव्हा एकेक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मनगट कसं वाकवायचं ते कळत होतं. गाठ कुणी सोडायची ते कळत होतं. किल्ली कुणाला द्यायची तेही. म्हणजे सगळंच कळत होतं. आता जे आहे ते हेच, हे कळत होतं. यापुढं काही सुधारत नाही, हे ह्यांच्या कानाशी, ह्यांचा हात हातात धरून मी म्हणाले होते तेव्हाही कळत होतं. आम्ही दोघी हसलो होतो, तेही. आणि त्या दुपारी भर उन्हात कुठे निघाला होतात हे मी विचारलं, तेव्हाही ह्यांना उत्तर माहीत होतं.

मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले. ते दावं डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"तुम्हाला कळतं?" मी विचारलं.

"बरं," हे म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. सवयीने मी तो खिडकीच्या कट्ट्यावर, ह्यांच्या कानाशी ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबायला बोट नेलं. मग फोन उचलला, बाहेर अंगणात आले आणि मागे दार ओढून घेतलं. गाडी उभी असायची तिथे चादर पडली होती. मी तिच्यावर बसले आणि फोन कानाला लावला.

लेकीने तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "गेली का गाडी? बाबांना काही कळलं का गं?"

"हळू बोल," मी म्हणाले.